पोटातलं ओठावर : ‘नुसतं पित्त’ असं किती दिवस म्हणायचं?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं पोटाची आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत ‘पित्त’ हा शब्द आहे. आपल्याकडे करपट ढेकर आला की पित्त, डोकं धरलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, सासूला राग आला की तिचंही पित्तच खवळतं. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दवाखान्यात निम्मे पेशंट कन्नड बोलतात. ते सांगतात, ‘होट्टे उरी’, पोटात जळतंय. मजा अशी की कन्नडात होट्टे उरी म्हणजे मत्सरही. आपल्यालाही दुसऱ्याचं बरं झालेलं बघून पोटातच दुखतं. एवढं सगळं एकट्या पोटावर लादलंय आपण.

म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. पत्र वाचताना आधी पेन्सिलीनं आजाराचं नाव खोडते. मग नक्की काय होतंय, कधी होतंय, कधीपासून होतंय, एवढंच उरतं. तपासणी करायची की नाही, ते त्या उरलेल्यावर ठरतं. या खेपेला तीन पत्रं घेतली आहेत.

‘आमचे मालक दुर्बिणीला घाबरतात’

*आमच्या मालकांचं वय ५४. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काट्यावर असतात. दोन वर्षं झाली, पित्ताचा त्रास आहे. पोटाच्या वरच्या अंगाला जळजळतं, करपट ढेकर येतात. मेडिकलमधनं उपाशीपोटी घ्यायची गोळी आणतात. आधी एकीवर भागायचं, आता दोन लागतात. कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळीबी चालूच असते. आठ महिन्यांमागं सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आलं. तेव्हापासून कुणी काही बोललं की ती फाईलच काढून दाखवतात. दोन भाकरी खाणारा माणूस, आता अर्धीत पोट भरलं म्हणतो. गेल्या महिन्यात दाभण घेऊन पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडली. दुर्बीण घालायची खरंच गरज आहे का? का पथ्यावर भागेल? नाव छापू नये. — एक भगिनी, निपाणी*

अक्का, पित्त हा शब्द खोडल्यावर तुमच्या पत्रात जे उरलं त्यातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली, भाकरीचं आणि पट्ट्याचं. जळजळ दोन वर्षांची आहे, तिच्यापेक्षा मला या दोन गोष्टींची काळजी जास्त वाटते. दुर्बिणीची गरज आहे. पथ्य करून बघू, दिवाळी होऊ दे, असं करू नका. या पंधरवड्यात करा.

मालक काट्यावर असतात ना? मग पोती उतरल्यावर त्याच काट्यावर त्यांना स्वतः उभं राहायला सांगा, आणि वर्षापूर्वीचं वजन कुठल्या तरी कागदावर असेल ते शोधा. सहा महिने ते वर्षभरात, खाणं मुद्दाम कमी न करता, वजनाच्या शेकडा ५ इतकी घट झाली तर आम्ही डॉक्टर कान टवकारतो. ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. दोन भोकांत तेवढे सहज जातात.

आता त्या सोनोग्राफीच्या फाईलबद्दल. रिपोर्ट खोटा नाही. पण सोनोग्राफी ज्या लहरींवर चालते त्या हवेतून नीट पार जात नाहीत, आणि जठर-आतड्यांत हवा असतेच. यकृत, पित्ताशयातले खडे, मूत्रपिंड, पोटात साठलेलं पाणी हे ती चांगलं दाखवते. जठराच्या आतल्या अस्तरावर व्रण आहे का, सूज आहे का, गाठ धरू लागली आहे का, हे तिला दिसत नाही. घराच्या बाहेरून भिंतीवर हात फिरवून आतल्या खोलीचे पोपडे निघालेत का ते कसं कळणार? ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर वर्षं काढलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी ती फाईल पुढे केली की मी आधी ती मिटते आणि माणसाकडे बघते.

सकाळच्या गोळीचंही तसंच. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्राझोल ही औषधं वाईट नाहीत, मीही लिहून देते. ती आम्ल कमी करतात, म्हणून जळजळ थांबते. पण जळजळ थांबली म्हणजे कारण गेलं असं नाही. जठरातला व्रण वरवर भरल्यासारखा होतो. कॅन्सरचा व्रणसुद्धा या गोळ्यांनी काही काळ शांत दिसू शकतो. साधारण चार ते आठ आठवडे गोळी नीट, जेवणाच्या अर्धा तास आधी घेऊनही त्रास उरला, किंवा बंद केल्याबरोबर पुन्हा आला, की गोळी वाढवायची नसते, कारण शोधायचं असतं. तुमच्याकडे एकीच्या दोन झाल्या आणि कुणी विचारलं नाही.

कंबरेची गोळी कुठली ते पाकिटावर बघा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीतली असेल तर जठरात व्रण करणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत आहे, आणि हा व्रण पुष्कळदा दुखतही नाही, नुसता पाझरत राहतो. म्हणून एक प्रश्न तुम्हाला लाज सोडून विचारावा लागेल : परसाकडे डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं का? लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते असं चिकट नसतं. डांबरासारखं होत असेल, त्यात चक्कर येत असेल, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर पंधरवडाही नाही, त्याच रात्री गाडी करून दवाखाना गाठा. एरवी उद्या सकाळी हिमोग्लोबिन करून घ्या. पुरुषाचं १३च्या खाली असेल तर रक्त कुठून जातंय हा प्रश्न सुटेपर्यंत सोडायचा नाही. स्वस्तातली तपासणी आहे, पण माझ्या मते हजारोंच्या ‘फुल बॉडी पॅकेज’पेक्षा जास्त बोलकी.

तिखट बंद करावं का, असं तुम्ही विचारणारच. संकेश्वरी मिरचीनं जळजळ वाढते हे खरं, पण जठरातल्या व्रणाचं खापर तिच्यावर फोडू नका. ते बहुतांशी दोघांवर जातं, दुखण्याच्या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. हा जंतू व्रण करतो असं ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. शेवटी १९८४ साली मार्शलनं तो जंतू स्वतःच पिऊन टाकला आणि आजारी पडून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (आमच्या कॉलेजात तरीही ‘काळजी आणि कालवण’ हेच अल्सरचं कारण शिकवत होते.) हा जंतू शोधायला दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, शौचाची किंवा श्वासाची तपासणी लागते. पॅकेजमध्ये रक्तातून करतात ती चाचणी जंतू आता आहे की कधीकाळी होता, हे सांगू शकत नाही. आणि सकाळच्या गोळ्या चालू असताना तपासलं तर असलेला जंतूही हुकतो, म्हणून एरवी त्या दोन आठवडे आधी थांबवतात. मालकांच्या बाबतीत मात्र गोळी कधी थांबवायची ते दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. त्यापायी तारीख पुढे ढकलू नका.

आणि दुर्बिणीची भीती. सहा-आठ तास उपाशी जायचं. घशात कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात. करंगळीएवढी नळी तोंडातून जाते, श्वास नाकानं चालू राहतो, ढेकर येतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि पाच-दहा मिनिटांत संपतं. आतून चिमटीएवढा तुकडा काढला तरी कळत नाही. ‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सर’ ही आपल्याकडची समजूत खोटी, साध्या सुजेचाही तुकडा तपासतात. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, बेळगावला सिव्हिल आहे. खर्चाची अडचण असेल तर बीपीएल कार्ड घेऊन आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेच्या कार्डावर पुढे जायला तिथली चिठ्ठी लागते.

अजून दोन गोष्टी मालकांना विचारा. पहिली, जळजळ चढावर, ओझं उचलताना, भराभर चालताना येते आणि थांबलं की थांबते का? तसं असेल तर पोटाच्याही आधी ईसीजी. ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसलेली माणसं हार्ट अटॅकनं गेलेली आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर सोड्याची बाटली उघडूच नका.

दुसरी, घास उतरताना अडतो का? हे विचारायचं कारण माझ्या घरातलं आहे. आमची आई निपाणीकडचीच. दिवसातून चार वेळा मिशरी लावायची, तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास आजही आला की मला ती चुलीपुढे बसलेली दिसते. एके वर्षी ती भाकरी ताकात कुस्करून खायला लागली. मग भाकरी सुटली, आंबील आलं. मग आंबीलसुद्धा घोटाघोटानं, मध्ये थांबून, छातीच्या हाडावर मूठ फिरवत. ‘कवळी नीट बसत नाही गं’ म्हणाली. मी डॉक्टर. मी तिला दोनदा दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळी घासून आणली. चार महिने गेल्यावर एका संध्याकाळी तिला पाणी पिताना ठसका लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अन्ननलिकेचा कॅन्सर होता. पुढे अकरा महिने मिळाले. दुसऱ्या कुणाची आई दवाखान्यात येऊन ‘भाकरी कुस्करून खाते’ म्हणाली असती, तर मी त्याच दिवशी दुर्बिणीची चिठ्ठी लिहिली असती. आधी घट्ट अडणं, मग मऊ, मग पातळ, हा क्रम कुठल्याही वयात दिसला तर वाट बघायची नाही. तंबाखू, मिशरी, दारू असेल तर मुळीच नाही.

‘मोबाईलवर वाचलं, मला कॅन्सर आहे काय?’

*वय २३, खानापूर तालुका. बेळगावला उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहे, रोज बसनं येऊन-जाऊन. दीड वर्ष झालं, सकाळी बस पकडायच्या आधी तीन-तीन वेळा संडासला जावं लागतं. पोटात मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं. कधी चिकट पडतं. गावातले डॉक्टर आव आहे म्हणून पाच वेळा गोळ्यांचा कोर्स दिले. सुट्टीच्या दिवशी काही नसतं. वजन आहे तेवढंच आहे. तीन सोनोग्राफी झाल्या. मोबाईलवर वाचून महिन्याभरापासून चपाती बंद केली आहे. कोलोनोस्कोपी करून एकदाचं काय ते बघून टाकावं म्हणतो. — नाव छापू नये*

बाळ, तुझ्या पत्रातला ‘आव’ मी खोडला, आणि ‘सुट्टीच्या दिवशी काही नसतं’ याच्याखाली दोन रेघा ओढल्या. गाठीला रविवार कळत नाही.

तुझं वर्णन आयबीएसशी जुळतं. म्हणजे आतड्यांची रचना ठीक, पण त्यांची हालचाल आणि संवेदना तापट. नुसता चिकट पडणं म्हणजे जंत किंवा आव असं नव्हे, या त्रासातही ते पडतं. आठवड्यातून निदान एक दिवस दुखणं, असं शेवटचे तीन महिने, सुरुवात सहा महिन्यांहून आधी, आणि दुखण्याचा संडासशी संबंध, या खुणांवर हे निदान करतात. सगळं नॉर्मल निघेपर्यंत तपासण्या करत सुटायचं, अशी ती पद्धत नाही. म्हणजे चौथी सोनोग्राफी नको.

थोडक्या तपासण्या मात्र कर. हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, अंगातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणी, आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. हे शेवटचं आतड्याला खरी सूज आहे की नाही ते सांगतं. ते व्यवस्थित आलं तर तेविसाव्या वर्षी कोलोनोस्कोपीतून, म्हणजे मोठ्या आतड्यात खालून घातलेल्या दुर्बिणीतून, सहसा काही हाती लागत नाही. गव्हामुळे होणारा जो सिलिॲक आजार, त्याची रक्तचाचणी असते, पण तू चपाती बंद करून ती चाचणी आपल्या हातानं बिघडवलीस. गहू पोटात असतानाच ती खरं बोलते. तपासायचं असेल तर काही आठवडे रोज चपाती खा, मग रक्त दे. ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून शंभर पदार्थांची यादी देणारे पॅकेज विकतात, त्यात पैसे घालू नकोस.

मला तुझ्या चहाबद्दल विचारायचं आहे. घरी एक, स्टँडवर एक, कारखान्यात दोन, हे गृहीत धरते. दूध पचवणारं विकर मोठेपणी कमी होणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा पूर्ण बंद करून बघ. आपला दुधाचा कुंदासुद्धा, हो. ताक बहुतेकांना चालतं. फरक पडला तर दीड वर्षाचं कोडं फुकटात सुटेल. नाही पडला तर रात्री पाण्यातून इसबगोल सुरू कर, आणि एकदा फिजिशियनला भेट. आवेचा सहावा कोर्स घेऊ नकोस.

आता तुझ्याबद्दलचं माझं मत मी कधी बदलेन तेही ऐकून ठेव. झोपेतून उठवणारा मुरडा किंवा जुलाब, रक्त, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप. आपल्या भागात तापाबरोबर उजव्या बाजूला खाली दुखत असेल तर आतड्याचा टीबी मनात धरावाच लागतो, आणि मग कोलोनोस्कोपी मी स्वतः लिहून देईन.

‘कुठली पावडर चांगली?’

*वय ४१, चिकोडी. मूळव्याधीतून अधूनमधून लाल रक्त पडतं. दुखत नाही. गावातली पावडर घेतली की थांबतं, दोन महिन्यांनी परत येतं. थोरल्या भावाचं ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यामुळं बायको घाबरते. तिच्या समाधानासाठी विचारतो, पावडर चालू ठेवू का? का दुसरी कुठली चांगली आहे?*

दादा, वहिनींना समाधान नको आहे, तुम्ही हवे आहात. ‘मूळव्याध’ हा शब्द तुम्हाला कुणी तपासून दिला? पत्रावरून तरी तो तुम्हीच घेतलेला दिसतो.

सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर काहीही त्रास नसताना कोलोनोस्कोपी करायची असते, वयाच्या चाळिशीत, किंवा भावाच्या निदानाच्या वयातून दहा वजा करून येईल त्या वयात, जे आधी येईल तेव्हा. तुमचा हिशेब ३८चा आहे. तीन वर्षं उशीर झालाय, आणि तुम्हाला तर रक्तही पडतं. मूळव्याध असेलही. मूळव्याध आणि वर आतड्यात गाठ, दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि रक्त कुणाचं हे रंगावरून ओळखता येत नाही. पावडरीनं थांबतं म्हणता, पण गाठीचं रक्तही मधूनमधून आपोआप थांबतंच.

आदल्या दिवशी पातळ खायचं, पोट साफ करायचं औषध बरंच पाण्यातून प्यायचं. तो दिवस संडासातच जातो, कामावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी बहुधा गुंगी देऊन तपासतात. आतड्याच्या अस्तरावर छोटा मोड (मूळव्याधीचा नव्हे, पॉलिप म्हणतात तो) दिसला तर त्याच बैठकीत कापून काढतात, आणि असा मोड कॅन्सर व्हायला साधारण वर्षंच्या वर्षं लागतात, त्यामुळे वेळेत काढला की प्रश्न मिटतो. सीईए नावाची रक्ततपासणी करून हे टळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि धाकटी भावंडं असतील तर त्यांनाही त्यांचं वय मोजायला सांगा.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना वय, आत्ताचं आणि वर्षापूर्वीचं वजन, आणि चालू गोळ्यांची नावं पाकिटावर बघून लिहावीत. ‘सकाळी पांढरी, रात्री गुलाबी’ अशी सात पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत.